धाराशिवची लेणी आणि परतीची वाट

धाराशिव जिल्ह्यात येणारी मंडळी बहुधा तुळजापूर नाहीतर तेर पाहून परत फिरतात. आम्ही घरची चार माणसे आणि वस्तीतले दोन तरुण एस.टी.ने निघालो ते एक प्रश्न मनात घेऊन. टोळीत, चोरीत, चाकू-तलवारीच्या नादात अडकलेल्या माणसाला बाहेर यायचे असेल, तर त्याला वाट कोण देतो? हा प्रश्न आपल्या वस्त्यांना नवा नाही. आणि त्याचे उत्तर शोधायला हा जिल्हा फार चांगला आहे.

पहिल्यांदा शहराजवळच्या डोंगरातली धाराशिव लेणी पाहिली. ही लेणी साधारण पाचव्या ते सातव्या शतकातली. मुळात बौद्धांची, पुढे काहींत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आल्या. भिक्खूंच्या त्या लहान लहान खोल्या पाहताना अंगुलिमाल आठवल्याशिवाय राहत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेचा वेगळा भाग लिहिला आणि त्यात अंगुलिमालाची कथा घेतली. बोटांची माळ घालणारा दरोडेखोर तथागतांच्या शब्दाने थांबला, एवढे आपल्या लेकरांनाही ठाऊक असते. पण मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात पुढचेही सांगितले आहे. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला गेला, तेव्हा कुणी ढेकूळ मारले, कुणी काठी, कुणी दगड. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. त्याने शस्त्र टाकले होते, पण गावाच्या हातातला दगड सुटला नव्हता. उलट त्याला पकडायला निघालेल्या राजा प्रसेनजिताने, तो बदलला हे पाहून, त्यालाच चीवर आणि अन्न देऊ केले.

तिथून येडशी-ढोकीच्या बाजूला कसबे तडवळ्याला गेलो. इथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतन म्हणजे जन्मावरून गळ्यात पडलेली गावकी. आता त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि शेजारच्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत. एकाच्या जन्मावर राबणूक लिहिली, दुसऱ्याच्या जन्मावर गुन्हा. दोन्हींचे मूळ एकच. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का मात्र तसाच राहिला.

लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. त्या लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खिसे कापायचे शिक्षण पोराला घरातच कसे मिळे, पोलिसांच्या मारात तोंड उघडू नये म्हणून त्याला आधीच मार खायची सवय कशी लावत, हे त्यात वाचून अंगावर काटा येतो. टोळी ही पोटाची व्यवस्था होती. ती सोडणे म्हणजे नुसते मन बदलणे नव्हे, उद्याची भाकरी कुठून आणायची हा सवाल असतो. गायकवाडांच्या हाती वडिलांनी पाटी दिली, पुढे सूतगिरणीत मजुरी मिळाली, मग ते चळवळीत आले. पाटी, काम आणि संघटना, ही ती वाट.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला १९९३ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या, विशेषतः पारधी समाजाच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. पुढाकार गिरीश प्रभुणे यांचा. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांची विचारसरणी आपली नव्हे. तरीही ज्या पोराच्या बापाला संशयावरून कधीही उचलून नेतात, त्या पोराला ठरलेल्या वेळी जेवण आणि झोपायला हक्काची जागा मिळते, हे लहान काम नाही.

दूर अमेरिकेत शिकागो शहरात २००० सालापासून डॉ. गॅरी स्लटकिन यांनी एक काम उभे केले. टोळीतून बाहेर पडलेल्या माणसांनाच त्यात पगारावर घेतात. कुठे सूड पेटतो आहे याची कुणकुण लागली की ही माणसे आधीच जाऊन समजूत घालतात. पोरे त्यांचे ऐकतात, कारण त्यांनी ते जगणे भोगलेले असते.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडेही वाढदिवसाचा केक तलवारीने कापायची हौस आली आहे. मिरवणुकीतल्या धक्क्यावरून सुरू झालेले भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाते, आणि एका केसपायी पोराची नोकरी जाते, मायबापाची मजुरी वकिलात जाते. भांडणाचा वास येताच त्या दिवशीच दोन वडीलधारी माणसे दोन्ही घरी गेली पाहिजेत. केस झालीच, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आणि तुरुंगातून सुटून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कुणीतरी कामावर न्यावे. गवंड्याच्या हाताखाली, गॅरेजात, रंगकामावर, कुठेही. त्या आठवड्यात जुने सोबती रोज दारात येतात. त्यांच्या आधी आपण गेलो पाहिजे.

येत्या ३१ ऑगस्टला आपल्या विहारात पारधी, कैकाडी, वडार समाजातल्या शेजाऱ्यांना बोलवावे. त्यांची मुले आपल्या मुलांशेजारी बसवावीत. त्या दिवशी अंगुलिमालाची कथा वाचायची असेल, तर ती दगडापर्यंत वाचावी.