ब्रेक थकतो तो उष्णतेनं

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जो रेस ट्रॅक आहे, तिथं मुख्य सरळ पट्टा संपता संपता ब्रेकचा खरा कस लागतो. एक फेरी 3.717 किलोमीटरची. मागच्या खेपेला चार-पाच फेऱ्यांतच माझ्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ होऊन खोल जायला लागलं आणि मी गाडी पिटमध्ये घेतली. गाडी छोटी पण चपळ टर्बो, पुढं डिस्क, मागं ड्रम. रस्त्यावर तिचे ब्रेक कधीच कमी पडले नव्हते.

पुण्यातले मित्र म्हणाले, मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसव. खर्च लाखाच्या घरात. दिवाळीला किल्लारीला गेलो तेव्हा हे मामांच्या कानावर घातलं. मामांचं गॅरेज उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं. हंगामाच्या तोंडावर दारात रांग लागलेली. त्यांनी हातातलं काम न सोडता विचारलं, "गार झाल्यावर पेडल परत वर येतंय का?"

"येतंय."

"मंग तेल उकळायलंय. कॅलिपर कशाला बदलतूस?"

निदान अचूक होतं. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल तर दोष तापलेल्या पॅडचा. पेडलच मऊ पडलं तर तेलात वाफ झालेली असते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

हिशोब करून पाहा. चालकासह बाराशे किलोची गाडी ताशी 160 वरून 80 वर आणली, तर जवळपास पावणेतीन लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी उष्णता निर्माण होते. ती काही सेकंदांत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. डॉट 4 ब्रेक ऑइलचा उत्कलनांक नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतला ओलावा शोषला की तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. रेसिंगचं चांगलं तेल 300 च्या पुढं टिकतं. म्हणून मी तेच घेतलं, पुढच्या चाकांना जास्त तापमान सोसणारे पॅड घेतले आणि रबरी होजच्या जागी स्टीलच्या जाळीचे होज. डिस्क आणि कॅलिपर कंपनीचेच ठेवले.

जुनं तेल आणि आतली हवा काढायला मामांनी ब्रेकच्या निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. "दाब... धर... सोड." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. नळीतून आधी चहाच्या रंगाचं जुनं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. चारही चाकं झाल्यावर पेडल वरच्यावरच दगडासारखं घट्ट लागलं.

1993च्या भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या किल्लारीचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत. गॅरेजवरची पोरं म्हणाली, इथंच ओढून बघू की. मी साफ नाही म्हटलं. त्या रस्त्यावर शाळेची लेकरं असतात, आणि अंधारात उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो. नवे पॅड डिस्कवर रुळवायचं कामही मी ट्रॅकवरच केलं: पहिल्या फेऱ्यांत ब्रेक हळूहळू वाढवत, पूर्ण न थांबता, मग एक संथ फेरी मारून गार करत.

त्या दिवशी शेवटच्या सत्रापर्यंत पेडल जरासुद्धा मऊ पडलं नाही. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक मात्र ओढला नाही. मागचे ड्रम तापलेले असताना तो ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ओंडका लावावा.

ट्रॅकवर जाणार असाल तर पहिला पैसा ताज्या तेलावर घाला, दुसरा पॅडवर. इंजिनची ताकद वाढवायचं त्यानंतर बघा. आणि घरी निघण्याआधी रस्त्याचे पॅड परत बसवा. ट्रॅकचे बरेच पॅड गार असताना नीट पकडत नाहीत.