पिकाच्या उंचीवरून

प्रवासी विमानाचे इंजिन बंद पडले असता वैमानिकास विचारास अवधी मिळतो, कारण त्याच्या गाठीस हजारो फुटांची उंची असते; परंतु पिकाच्या शेंड्यांवरून जेमतेम दहा फुटांवर उडत औषध फवारणाऱ्याची सारी शिल्लक केवळ वेगाचीच. इंजिन गप्प होताच विमानाचे नाक वर घेऊन त्या वेगाची शक्य तितकी उंची करून घ्यावी, हॉपर या टाकीतील औषध एकदम सोडून देऊन भार उतरवावा, आणि विमान स्टॉल होण्यापूर्वी, म्हणजे वेग सरून पंखांचा आधार सुटण्यापूर्वी, नाक पुनश्च खाली दाबून समोरच्याच शेतात उतरावे, इतकेच त्याच्या हाती उरते. धावपट्टीकडे माघारी वळण्याचा मोह प्राणघातक. कारण वळणात पंखांवरील भार वाढतो आणि वेग तर सरत आलेला असतो.

सबब हा निर्णय जमिनीवरच करून ठेवावा लागतो. फवारणीपूर्वी मी शिवारात पायी हिंडत असे, आणि विजेच्या तारा कोठे आहेत, विहिरीचा कठडा कोणत्या बांधामागे दडला आहे, पडीक रान कोठले, सऱ्या कोणत्या दिशेने काढल्या आहेत, हे मनात टिपून घेत असे. सऱ्यांच्या अंगाने उतरलेले विमान कदाचित सरळ धावेल, आडवे उतरलेले बहुधा उलटेल.

इंजिन नेहमी स्वतःच्याच दोषाने थांबते असेही नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते, म्हणून पहाटे तळाची तोटी उघडून काचेच्या पेल्यात पेट्रोल काढावे: पाणी असेल तर ते तळाशी वेगळा थर धरून बसते, किंवा पेला हलवताच थेंब होऊन घरंगळते. ते दिसेनासे होईपर्यंत तोटी सोडीत राहावे, मग मुकादम कितीही घाई करो.

या दग्याचा विचार विमानाच्या आखणीतही पुढे झाला. 1921 साली अमेरिकेतील ओहायो येथे वैमानिक जॉन मॅक्रेडी यांनी कीटकनाशक भुकटी प्रथमच हवेतून टाकली, ती लष्करी विमानातून. पुढे अभियंते फ्रेड वाइक यांनी या कामासाठीच आखलेले विमान 1950 साली उडाले. त्यात वैमानिकाची बैठक उंच व मागे, हॉपर तिच्या पुढे, आणि सर्वांत पुढे इंजिन, म्हणजे आघात प्रथम धातूने सोसावा आणि मग माणसाने. 1972 साली उडालेल्या आपल्या भारतीय ‘बसंत’ विमानातही हीच मांडणी होती. इंजिन कधीतरी दगा देणारच, हे गृहीत धरून ज्याने माणसाची जागा ठरविली, त्याच्या बुद्धीबद्दल मला नितांत आदर वाटतो.

फवारणीच्या ठेक्याच्या कागदात मात्र एकरांचाच हिशेब असतो. शिवारातील पायपीट कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि तिच्यासाठी एक सकाळ मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यास मी आजही दुवा देतो.