स्लॅबच्या घरातली वाळवी

“स्लॅबचं घर आहे, त्याला कसली वाळवी?” पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात हे वाक्य कानावर पडल्याशिवाय माझा महिना सरत नाही. संगमनेरात ऐकतो, अकोल्यात ऐकतो आणि भंडारदऱ्याच्या बाजूला गेलं की हमखास. वाळवीला स्लॅबशी काही देणंघेणं नसतं. ती जमिनीतून येते आणि स्लॅबचं घरही जमिनीवरच उभं असतं.

शेंडीजवळच्या एका होमस्टेवर मला बोलावणं आलं ते दिवाळीनंतर. 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या पाण्याकाठी आता अशी बरीच घरं झाली आहेत. खाली तीन-चार खोल्या, वर पत्र्याची शेड, दर्शनी भिंतीवर काजव्यांचं चित्र. मालक तिशीतला पोरगा. “भाऊ, आतल्या खोलीची चौकट फुगलीय. पाण्यानं असेल,” म्हणाला.

चौकट सागाची, वर ऑइलपेंट तुकतुकीत. पेचकसाच्या मुठीनं खालून वर ठोकत गेलो. गुडघ्यापर्यंत आवाज पोकळ, त्याच्या वर भरीव. टोक नुसतं टेकवलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला. आत लाकूड असं उरलंच नव्हतं. ओलसर मातीचे थर आणि मधे लाकडाच्या पातळ उभ्या चिपा. भोकातून दोन-तीन शिपाई बाहेर डोकावले. एकाला भिंगाखाली धरलं. बाकदार जबडे आणि डाव्या जबड्यावर एकच दात. ओडोन्टोटर्मिस, म्हणजे जमिनीत बुरशीची शेती करणारी वाळवी. लाकूड खाते ते त्या बुरशीला खत म्हणून. बुरशीनं मऊ केलेलं मग सगळी वसाहत खाते.

“सागाला लागते?” पोरगा चकित. सागाचा गाभा वाळवी सहसा टाळते. पण चौकटीत अर्धं लाकूड पांढरं, म्हणजे सालीलगतचं होतं. सुतार पांढरं लाकूड रंगाखाली घालतो, पैसे गाभ्याचे घेतो. पण तो विषय निराळा. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर ते भुंगेऱ्यांचं काम, तिथे माझं जमिनीतलं औषध वाया जातं. इथे भुकटी नव्हती, माती होती. कामकरी वाळवी आंधळी, अंगानं मऊ. उघड्या हवेत थोड्या वेळात सुकून मरते. म्हणून जिथे जाईल तिथे ती मातीची नळी बांधत जाते, ओल सोबत घेऊन.

नळी कुठून येते ते शोधायला अर्धा दिवस गेला. भिंतीवर कुठे काही नाही. शेवटी कोपऱ्यातलं स्कर्टिंग वाजवलं तर तेही पोकळ. फरशी नि भिंतीच्या सांध्यात मिलिमीटरभराची फट होती. वाळवीला तेवढी पुरते. एक फरशी उचलली, खालचं काँक्रीट फोडलं आणि मुरुमाच्या भरावात हात घातला. सेंट्रिंगच्या फळीचा तुकडा. मग दुसरा, मग बांबूचे बुडखे, सिमेंटच्या कागदी गोण्या. जोत्याचा भराव करताना गवंड्यानं साइटवरचा सगळा कचरा आत लोटून वर फरशी घातली होती. मागच्या बाजूला पत्र्याची पागोळी थेट भिंतीच्या बुडाशी पडत होती, आणि इथला पाऊस काय असतो ते सांगायला नको. जमिनीत कायमची ओल, त्यात पुरलेलं लाकूड. चौकट वाळवीनं त्यानंतर गाठली.

बांधतानाच औषध मारलं असतं तर? भारतीय मानक 6313 मध्ये ते सगळं लिहिलेलं आहे: भरावाच्या वरच्या थरावर, काँक्रीट ओतण्याआधी, चौरस मीटरला पाच लिटर द्रावण. होमस्टे बांधणाऱ्या ठेकेदारांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे, यावर मी पैज लावणार नाही.

शेजारीच त्यांचं जुनं घर आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीचा गिलावा, वर कौलं. पोराची आजी तिथेच राहते, नव्या घरात तिला झोप लागत नाही म्हणे. मी सवयीनं त्या घराचे खांबही ठोकून पाहिले. ऐनाचे खांब, प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर, मातीपासून वीतभर वर.

“आजी, इथे वाळवी येत नाही?”

“येती का न्हाई! दर साली येती. दिसली का सारवताना खरवडायची.”

मला वाटतं सगळी मेख इथे आहे. कुडाच्या घरात वाळवीला तळखड्यावर चढावं लागतं, सारवलेल्या भिंतीवरून उघडं चालावं लागतं आणि रोज हात फिरवणाऱ्या बाईच्या नजरेस पडावं लागतं. चुलीच्या धुरानं वासे कोरडे राहतात ते वेगळंच. पक्क्या घरानं फरशी, स्कर्टिंग, ऑइलपेंट देऊन तिला झाकून घेतलं. वाळवी तिथे अधिक येते असं नाही. दिसत नाही एवढंच.

आधी भरावातलं हाताला लागेल तेवढं लाकूड काढलं. मग सांध्यालगत फूट-फूट अंतरावर बारा मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात लिटरभर द्रावण, वरून सिमेंट. औषध इमिडाक्लोप्रिड, लिटर पाण्याला 2.1 मिली. पूर्वी क्लोरपायरिफॉस वापरायचो. त्याच्या वासानं घर दोन दिवस बसवत नसे, आणि वाळवी जागच्या जागी मरे, विष पुढे जात नसे. इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाही. त्यातून चालत जाते, परतून एकमेकींना चाटते, भरवते, आणि विष वसाहतभर पोचतं. लगेच मेल्या नाहीत म्हणून गिऱ्हाईक फोन करतं. मी सांगतो, हळू मरू दे, तेच हवंय.

खरा वाद झाला बाहेरच्या बाजूचा. पुस्तकाप्रमाणे भिंतीला लागून चर खणून त्यातही औषध ओतायचं असतं. मागच्या बाजूला मी नाही म्हटलं. पंधरा पावलांवर त्यांची पिण्याची विहीर, पुढे उतार थेट जलाशयाकडे. आणि दुसरं एक.

“काजवे कुठून येतात, माहीत आहे?” मी पोराला विचारलं.

“झाडांवर. हिरडा, बेहडा, सादडा...”

“झाडावर येतात ते शेवटचे थोडे दिवस. आधी त्यांच्या अळ्या कित्येक महिने ओल्या जमिनीत काढतात, गोगलगायी खाऊन.” कीटकनाशकाला वाळवी कुठली नि काजवा कुठला हे कळत नाही. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ज्याच्या जिवावर याच्या खोल्या भरतात, त्याच्याच अळ्यांवर औषध ओतायचं का? पोरगा गप्प बसला. मागच्या बाजूला मग नुसतं उकरून माती भिंतीपासून खाली घेतली, दगडगोटे भरले आणि पागोळीखाली सिमेंटची पन्हळ काढून पाणी लांब सोडलं. नळी आलीच तर उघड्या जोत्यावर दिसेल.

परसातलं वारूळ राहिलं. पोराला ते पेटवून द्यायचं होतं, रॉकेल आणलंच होतं. आजी काठी घेऊन बाहेर आली. नागपंचमीला ती तिथे हळदकुंकू वाहते आणि पावसाळ्यात त्याच्या अंगावर अळंबी उगवते ती हिच्या तव्यावर जाते. अळंबी म्हणजे वाळवीच्या त्या बुरशीच्या शेतीलाच आलेलं पीक. वारूळ राहू द्या, मीही म्हटलं. रॉकेलनं वरची वाळवी मरते, राणी खोल असते. आणि घरातली वाळवी त्याच वारुळातली होती याचा पुरावा तरी काय?

पैसे देताना पोरानं दहा वर्षांची गॅरंटी लिहून मागितली. मी तीन वर्षांची दिली, तीही अटीवर: पन्हळ साफ ठेवायची, जोतं उघडं ठेवायचं आणि शेकोटीची लाकडं भिंतीला टेकून रचायची नाहीत. पहिल्या दोन अटी त्यानं मुकाट मानल्या. तिसरीवर अडला. लाकडं भिजली तर पाहुण्यांची शेकोटी कशी पेटणार, आणि पत्र्याखाली भिंतीशिवाय कोरडी जागा आहे कुठे? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी अकोल्याहून लोखंडी अँगल आणून जमिनीपासून दोन फूट उंच मांडणी करायची ठरलं, खर्च त्याचा. मार्चमध्ये तपासणीला गेलो तेव्हा मांडणी झाली होती. तिच्यावर पाहुण्यांच्या गाद्या वाळत होत्या आणि लाकडं भिंतीलाच टेकून होती. गॅरंटी कार्ड मागून घेतलं, तिसऱ्या अटीखाली रेघ मारली आणि लाकडं उतरवून घेईपर्यंत तिथेच चहा घेत बसलो.