विष धारण करणारी शिंपली

मुंबईस येणारा बहुतेक मनुष्य गिरगावच्या चौपाटीवर हवा खाऊन माघारी फिरतो. परंतु जिज्ञासूने एकदा ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या खडकांकडे निरखून पाहावे. तेथे कालवे खडकास घट्ट चिकटलेली असतात. पुढे दादरच्या मासळीबाजारात कोळिणींपुढे तिसऱ्यांचे वाटे मांडलेले दिसतात. आमचे घरी हा पदार्थ शिजत नाही. तथापि ज्ञानास सोवळेओवळे नाही, म्हणून या मुक्या प्राण्यांची एक कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिंपली समुद्राचे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शैवले भक्षण करते. त्यांपैकी कित्येक विषारी असतात. मज्जातंतूत सोडियमचे कण शिरण्याचे जे द्वार, त्यात हे विष बुचासारखे बसते व स्नायू लुळे पडतात. कॅनडाच्या पूर्वकिनाऱ्यावर हा प्रकार वारंवार घडतो. लुळी पडलेली शिंपली वाळूत शिरू शकत नाही व प्राणास मुकते. परंतु तेथील काही शिंपल्यांच्या या द्वाराच्या घडणीत एकच अमिनो आम्ल पालटले असून, तेवढ्याने विषाची पकड सहस्रपट ढिली झाली आहे, असे संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. अशा शिंपल्या तगल्या व त्यांचीच प्रजा वाढत गेली.

परळच्या हाफकिन संस्थेचा जन्म १८९९ सालचा. घोड्यास सर्पविष अल्प मात्रेने टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढण्याच्या विद्येसाठी ती प्रसिद्ध आहे. घोड्यास येणारी ही शक्ती सरावाने आलेली; ती वंशास उतरत नाही. शिंपलीने मात्र सराव केला नाही. जिला ती घडण जन्मतः लाभली, तीच उरली.

नीलकंठाने हलाहल धारण केले ते जगाच्या रक्षणार्थ. शिंपली विष धारण करते ती केवळ स्वतःच्या जीवनार्थ. धोका आहे तो येथेच. विषास न जुमानणारी शिंपली ते अंगात अधिकच साठविते आणि तरीही धडधाकट दिसते. शिजविल्याने ते नष्ट होत नाही. १९८३ साली मंगळूरनजीक कुंबळे येथे शिंपल्या खाल्ल्याने कित्येकांस विषबाधा झाली व एक मुलगा दगावला.

म्हणून ज्या घरी हा पदार्थ होतो, तेथील गृहिणींनी ध्यानात ठेवावे, की शिंपली ताजी आहे एवढ्याने ती निर्विष ठरत नाही. विषबाधेची वार्ता येताच त्या किनाऱ्याची शिंपली वर्ज्य करावी. आणि खाल्ल्यावर ओठ, जीभ बधिर होऊ लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.