आईनं दाखवलेला डोंगर

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चक्क इंग्लंडला जाऊन आले! माझी बहीण मँचेस्टरला असते. तिथून गाडीनं दीड-दोन तासांवर लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे तळ्यांचा आणि डोंगरांचा मुलूख. २०१७ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं.

विंडरमीअर तळ्यात लाँचमधून फिरलो. सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर यांचं हिल टॉप हे घर पाहिलं. फोटो, आइस्क्रीम, सगळं झालं. पण मला सांगायचीय ती माझी फजिती.

डोंगराची वाट एका कुरणातून जात होती. कडेला चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी गडगे, अगदी कोकणातल्यासारखे. फाटकातून मी आत शिरले आणि कडी न लावताच पुढे निघाले. मागून कुणी येईल, तो लावील! वर्गात "दार लावा रे" म्हणून रोज ओरडणारी मी! वळून पाहते तर एक मेंढी आणि तिचं काळंभोर कोकरू फाटकाबाहेर, गाड्यांच्या रस्त्यावर!

शेतकरी आजोबा धावत आले. त्यांनी शीळ घातली आणि त्यांच्या कुत्र्यानं दोघांना अलगद वळवून आत आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आजोबा रागावले नाहीत, बोलतच राहिले. त्यांचे उच्चार मला कळेनात, भाची समजावून सांगत होती.

ही हर्डविक जातीची मेंढरं. कोकरू जन्मतं काळं, मग हळूहळू करडं होतं. पॉटरबाईंनीही हीच पाळली. १९४३ साली त्या वारल्या, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन त्यांनी 'नॅशनल ट्रस्ट'ला ठेवली. खाली कुरणाला फाटक असतं, पण वर डोंगरावर ना गडगा, ना कुंपण! तरी कळप आपला भाग सहसा सोडत नाही. हद्द कुठली, ते कोकरू आईमागून फिरता फिरता शिकतं. आईला तिच्या आईनं शिकवलेलं असतं.

२००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली. ब्रिटनभर ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. या भागाला तर फारच मोठा फटका बसला.

"मेंढ्या विकत मिळतात," आजोबा म्हणाले, "पण हा डोंगर माहीत असलेली मेंढी कुठून आणायची?"

मी त्या कोकराकडे बघत राहिले. ते आपलं आईला ढुशा देत दूध पीत होतं.

परतताना मी कडी लावली. हलवून पाहिली. चार पावलं गेले, मागे आले, पुन्हा हलवून पाहिली.

"मावशी, लागलीय गं!" भाची ओरडली.