टेकाडे भावजी आणि आबांचं कार्ड

आमच्या खुटबावच्या बौद्धवाड्यात पहिला रेडिओ आला तो आमच्या घरी, १९७६ साली. आबा रेल्वेत गँगमन होते. बहात्तरच्या दुष्काळात सगळा वाडा खडी फोडायला जात होता, तेव्हा आमच्या घरात महिन्याला पगार येत होता, एवढाच काय तो आमचा मोठेपणा. फरकाचे पैसे मिळाले आणि आबा पुण्याहून शटलने रेडिओ घेऊन उतरले. स्टेशनपासून घरापर्यंत तो त्यांनी लहान मुलासारखा छातीशी धरून आणला.

त्या काळी रेडिओला लायसन लागे. पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ते पुस्तक आबांनी पत्र्याच्या डब्यात घालून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं होतं. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचं काम माझं.

बातम्या पुरुष मंडळी ऐकत. पण वाडा खरा जमायचा तो ‘पुन्हा प्रपंच’ ऐकायला. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरची ती एक घरगुती गंमत होती. बाळ कुडतरकर पंत व्हायचे, नीलम प्रभू मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी टेकाडे भावजी. तिघंजण बोलत बसायचे, बाकी काही नाही. रॉकेल मिळत नाही, पाहुणे आले, महागाई वाढली, असलेच विषय. पण ते भांडण ऐकताना वाटायचं, आपण त्यांच्या दाराशी उभे आहोत.

आमच्या दाराशी मात्र वेगळंच भांडण सुरू व्हायचं. आजीला टेकाडे भावजी मुळीच आवडायचे नाहीत. ती म्हणायची, “ह्यो बाबा रोज दुसऱ्याच्या घरी च्या प्यायला कसा येतो? ह्याला कामधंदा न्हाई का?” आत्याचं म्हणणं, “मीनावहिनीच्या घरात नळ हाय, तरी तिची तक्रार. तिला म्हणावं, ये आमच्या हिरीवर.” आईला पंत पसंत नव्हते, पण मीनावहिनी नवऱ्याला पटकन उत्तर देते म्हणून ती कान टवकारून ऐकायची आणि पदराआड हसायची. पुढं दोन दिवस ती आबांनाही तशीच उत्तरं द्यायची. आबा म्हणायचे, “रेडिओ आणून मीच चूक केली.” तेही हसतच.

एवढ्या मतभेदात एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ती माणसं कोणाला खाली पाडून हसवत नव्हती. मीनावहिनीचं घर आमच्यासारखं नव्हतं, तिची भाषा आमची नव्हती, तरी तिच्या विनोदात आम्हांला बसायला जागा होती. बाळ कुडतरकर २०२० साली वारले, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपले पंत गेले.” जन्मभर तिला न आवडलेले पंत!

आबांच्या लेखी रेडिओ ही साधी वस्तू नव्हती. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितलं होतं. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असं त्यांनी त्या भाषणात म्हटलं. पुढं मे १९५६ मध्ये बी.बी.सी.वरूनही त्यांनी बौद्ध धम्म आपल्याला का प्रिय आहे ते सांगितलं. आबांनी यांपैकी एकही भाषण ऐकलेलं नव्हतं, तेव्हा घरात रेडिओच नव्हता. पण ते म्हणायचे, “ज्या पेटीतून बाबासाहेब बोलले, त्या पेटीतून वंगाळ ऐकायचं नाही.”

आणि एक दिवस तसं ऐकू आलंच. केंद्र कोणतं ते सांगत नाही, श्रुतिकेचं नावही आता आठवत नाही. शहरातल्या एका घरात खेड्यातला गडी कामाला असतो. तो ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘पानी’ म्हणतो आणि त्याने तोंड उघडलं की घरातली माणसं हसतात. मालकीणबाई त्याला ‘पाणी’ म्हणायला शिकवते, त्याला काही जमत नाही. सगळा विनोद तेवढाच. वाड्यातली मंडळी हसत होती. मीही पोट धरून हसत होतो. आबांनी उठून बटण फिरवलं.

चुलते म्हणाले, “अरं, इनोद हाय तो. लावून घेतोस कशाला?”

आबा म्हणाले, “इनोदच हाय. पर आपुन कुणाला हसलो, सांग की. तुला का मला?”

मग वाद पेटला. चुलत्यांचं म्हणणं, तमाशातला सोंगाड्या काय कमी अडाणी बोलतो? त्याला तर आपण डोक्यावर घेतो. आबा म्हणाले, सोंगाड्या अडाण्याचं सोंग घेतो, पण शेवटी फजिती पाटलाची, सावकाराची होते. आपल्या जलशांतही भटजीची फिरकी घेत होते. ह्या गड्याने एकदा तरी मालकिणीला गप्प केलं का?

रात्री आबांनी मला कंदिलापुढं बसवलं आणि पंधरा पैशांचं कार्ड लिहायला सांगितलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. आम्ही कामगार माणसं तुमचे कार्यक्रम आवडीने ऐकतो. टेकाडे भावजी आम्हांला घरचे वाटतात. परंतु आमची बोली ही चूक नाही, ती आमच्या आईची आहे. खाली ‘आपला नम्र श्रोता’, आणि त्याच्याही खाली ‘जयभीम’. मी शाळेतल्यासारखं त्यांचं ‘पानी’ खोडून ‘पाणी’ लिहिलं. त्यांनी ते पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

उत्तर आलं नाही. आबा मात्र महिनाभर पोस्टमनला विचारत राहिले.

खरी गोष्ट पुढंच आहे आणि ती लिहायला मला इतकी वर्षं लागली. १९८३ साली मी पुण्याला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो. रात्री पोरं जमली की नकला चालायच्या. माझी नक्कल सगळ्यांत गाजलेली. मी रेल्वेचा गँगमन व्हायचो. हातात झाडू घेऊन लाईनवर चालायचो आणि म्हणायचो, “सायेब, पानी हाय का पानी?” पोरं लोळायची. एका रविवारी नक्कल रंगात आली असताना पोरांचं हसणं एकाएकी थांबलं. मी वळून पाहिलं. दारात आबा उभे होते, हातात भाकरीचं गाठोडं.

ते आत आले, गाठोडं खाटेवर ठेवलं. म्हणाले, “चांगलं करतोस. रेडिओवर चाललं असतं.” मग पोरांची चौकशी केली, सगळ्यांना ठेचा-भाकरी वाढली आणि संध्याकाळच्या शटलने परत गेले. पुढं त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. माझीही काढायची हिंमत झाली नाही. आता ते नाहीत.

मध्यंतरी विलायतेतल्या रेडिओविषयी वाचलं. तिथं बी.बी.सी.वर १९५१ ते १९६० या काळात ‘द गून शो’ नावाचा विनोदी कार्यक्रम अतिशय गाजला. त्यात गोरे नट हिंदी माणसांच्या बोलण्याची नक्कल करत आणि श्रोते हसत. पुढं १९९६ साली तिथल्याच हिंदी वंशाच्या मुलामुलींनी बी.बी.सी. रेडिओवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ सुरू केला. त्यात त्यांनी स्वतःच्या आईबापांनाही सोडलं नाही आणि इंग्रजांनाही गिऱ्हाईक केलं. तिथले आईबापही हसले म्हणतात. मला राहून राहून वाटलं, हे आबांना वाचून दाखवायला हवं होतं. चुलत्यांशी झालेल्या वादात त्यांना तो मुद्दा उपयोगी पडला असता.

हल्ली नात मोबाईलवर विनोद ऐकवते. परवा त्यातला एकजण आमच्याच बोलीत बोलत होता आणि शेवटी शहरातल्या शिष्ट साहेबाची त्याने पार जिरवली. नात हसली, आईही हसली. आई आता ऐंशीच्या पुढं आहे, कमी ऐकू येतं. ती म्हणाली, “परत लाव. मीनावहिनीवानी बोलतोय.”

पत्र्याचा तो डबा अजून फळीवर आहे. लायसनच्या पुस्तकात एक कोरं कार्ड सापडलं, पंधरा पैशांचं. आबांनी दुसरं कार्ड लिहायचं ठरवलं होतं की काय, कोण जाणे. वाचकहो, तुमच्या घरातल्या कोणी वडीलधाऱ्याने रेडिओला असं पत्र लिहिलं असेल, तर जरूर कळवा. उत्तर आलं होतं का, तेही लिहा.