छाट

बिडीच्या धंद्यातला 'छाट' हा शब्द ज्यांच्या कानावर गेला नाही, त्यांना आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या बायकांचं अर्धं दुःख कळायचं नाही. दिवसभर वळलेल्या बिड्या सट्टेदाराकडे नेल्या की मुन्शी तपासायला बसतो. पान फाटकं, तोंड उघडं, जर्दा कमी, असं म्हणत मूठ मूठ बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी नाही. आणि त्या बिड्यांचं पुढे काय होतं, हे विचारायचंही नाही.

आमच्या मोहल्ल्यात अम्मी, खाला, शेजारच्या ढिवरांच्या बायका, सगळ्याच सूप मांडीवर घेऊन बसत. प्रत्येकीने सगळंच करायचं: पान भिजवा, कापा, जर्दा भरा, वळा, तोंड मोडा, दोरा बांधा. खालाची नजर अधू झालेली, म्हणून छाट तिचीच जास्त. अम्मीचं पान कापायला घरात आपा होती. त्यापायी तिची शाळा सातवीतच सुटलेली.

मग एक नवा मुन्शी आला. त्याने खालाची छाट तिच्याच ओंजळीत ठेवली. "खाला, यात काय बिघडलं, तुम्हीच सांगा."

"पान दिसत नाही बेटा. कापलेलं पान दे, डोळे मिटून वळते."

"मग कापू नका. कोणी कापायचं ते तुम्ही आपसांत ठरवा."

एवढंच. पुढची घडी बायकांनी बसवली. दोघींनी सगळ्यांचं पान कापायचं, खालाने फक्त वळायचं, पैशांची वाटणीही त्यांचीच. भांडणं झाली, नाही असं नाही. पण छाट घटली आणि आपा आठवीच्या वर्गात जाऊन बसली.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला आता मोठं नाव आहे. 2001 साली एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या अमेरिकी अभ्यासक महिलांनी इस्पितळातल्या सफाई कामगारांची उदाहरणं देत लिहिलं, की नेमून दिलेलं काम माणसं आपल्या परीने बदलून घेतात. वरचा माणूस विचारणारा असला तर ते उघडपणे करतात, हे मी आमच्या ओट्यावर पाहिलं होतं.

दोन वर्षांनी मुन्शीला दुसरीकडे पाठवलं. नव्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, जिचं कार्ड तिचाच माल. महिन्याभरात खाला पुन्हा कापायला बसली. आपाची नववी अर्धी राहिली.

केरळात कण्णूरला वेगळं घडलं. 1966 चा बिडी कामगार कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा बड्या मालकांनी कारखाने बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले. 1969 मध्ये सरकारच्या मदतीने त्यांची 'दिनेश बिडी' सहकारी संस्था उभी राहिली. पहिले अध्यक्ष जी. के. पणिक्कर सरकारी अधिकारी होते, पण मालकी कामगारांची होती. त्यामुळे अध्यक्ष बदलले तरी मांडलेली घडी मोडली नाही. पुढे बिडीचा खप उतरू लागला, तेव्हा याच संस्थेने खाद्यपदार्थ आणि छत्र्या करायला घेतल्या.

आमचा मुन्शी मनाने कुणाहून कमी नव्हता, असं मला आजही वाटतं. पण त्याने दिलेली मोकळीक कुठल्या कागदावर नव्हती. वास्तविक 1966 च्या त्याच कायद्यात छाटीवरून आणि छाटीच्या मजुरीवरून होणाऱ्या तंट्यांसाठी दाद मागायची सोय होती. कण्णूरच्या कामगारांत एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे ऐकत वळायचे. त्याच्या वाटच्या बिड्या सगळे मिळून भरून काढत. आमच्या ओट्यावर तो कायदा कुणी वाचून दाखवला नाही. त्या मुन्शीनेही नाही.